घडी

देरेजेनं मला वऱ्हांड्यात गाठलं,
एक्स-रेच्या खोलीबाहेर, जिथं कायम फिनाइलचा वास.
"डॉक्टर, वडिलांना काही बोलू नका.
जठराला सूज आहे म्हणा.
ते खचतील."
तो स्वतः भिंतीला टेकून
हळूहळू खाली सरकत होता.

अदिसला आम्हाला शिकवलं होतं,
आधी रुग्णालाच विचारा, किती ऐकायचंय.
एक कागदही दिला होता, तीन चौकोनांचा :
सगळं सांगा, थोडं सांगा, घरच्यांना सांगा.
देस्सेच्या या इस्पितळात तो कागद
मी दोन वर्षांत चारदा काढला,
त्यातला एकदा टेबलाचा पाय डगमगत होता म्हणून.

आतो मेसेले खाटेवर बसून होते.
गाबी खांद्यावरून पोटापर्यंत ओढलेली,
दुखतं तिथं कापडाची जाड चुणी.
चष्मा लावून त्यांनी तिन्ही चौकोन वाचले,
पेन मागितलं,
आणि कशावरच खूण केली नाही.
"चौथा कुठाय?"
"कसला?"
"केव्हा, याचा."

मग म्हणाले,
"तीस वर्षं तार-ऑफिसात काढली मी.
शब्दाला दर होता.
लोक खिडकीशी उभे राहून दुःख कमी करत जायचे,
'लाडका' कापायचे, 'अचानक' कापायचे,
शेवटी नाव, गाव आणि 'गेला' एवढंच उरायचं.
कवी म्हणतात, बोलणं कसं,
वर मेण, आत सोनं असावं.
आमच्याकडे मेणाचे पैसे वेगळे पडत."

हसताना त्यांनी पोट धरलं.

"एकदा दिवस मावळताना मासावाहून तार आली.
झेनेबेचचा मुलगा. बंदरावर हमाल होता.
मरणाची बातमी संध्याकाळी देत नाहीत आपल्यात,
उजाडल्यावर द्यायची, चार माणसं बरोबर नेऊन.
मी तार खिशात ठेवली.
घरी जाताना ती दारातच मसूर निवडत बसलेली.
म्हणाली, पोरगा सणाला येतोय,
त्याला पांढराच कोंबडा लागतो, काळा चालत नाही.
मी म्हटलं, हो.
रात्रभर ती झोपली. मी नाही.
ती रात्र मी तिला दिली
की तिच्याकडून चोरली,
अजून ठरत नाही.
सकाळी रडण्याआधी ती काय म्हणाली, सांगू?
'तुला काल माहीत होतं.'"

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं कूस बदलली.
तोही ऐकत असावा.

"मग तुम्हाला कसं सांगू?"

"लिहून दे. घडी घाल. गोळ्यांच्या डबीखाली ठेव.
वाटलं तर उघडीन, वाटेल तेव्हा.
आणि देरेजेला सांग, तू त्याचं ऐकलंस.
तेही खोटं नसेल."

ड्युटीच्या खोलीत बसले.
पहिल्या खर्ड्यात सव्वीस शब्द.
'दुर्दैवानं' खोडलं.
'शक्यता' दोनदा होतं, एकदा ठेवलं.
रोगाचं लांबलचक नाव काढून
आपल्या बोलीतलं आखूड, उघडं नाव घातलं.
'दुखू देणार नाही'
हे खोडायला गेले आणि पेन थांबलं.
मेण की सोनं, मला कळेना.
राहू दिलं.
अकरा शब्द.
घडी दोनदा, चौकोनी,
कडेला कड अगदी जुळवून,
आई शाळेच्या वह्यांना कव्हर घालायची तशी.

सकाळी देरेजे त्यांना लापशी भरवत होता.
"सूज उतरतेय," तो म्हणाला.
"उतरतेच आहे," ते म्हणाले
आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.
दोघांपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

डबीखाली कागद होता तिथंच.
घडी दोनदाचीच.
फक्त कडा
जुळत नव्हत्या.